बिनधुराची ऊब

कार्तिक वद्य ४, शके १८४८. धारूर.

पुन्हा दोन चुली! स्वयंपाकघरात एक पेटलेली, आणि मागच्या पडवीत सूनबाईंनी दुसरी मांडलेली. विचारलं तर म्हणते कशी — "मामंजींचं आंगुळीचं पानी व्हतं, आत्याबाई. म्हन्लं दोनी कामं संगंच उरकावी." उरकावी! सरपण काय तुझ्या बापानं युसूफ वडगावाहून धाडलंय? भाकरी झाल्या की त्याच निखाऱ्यांवर हंडा चढवायचा, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. गाढवापुढे वाचली गीता.

पण एकट्या भिवराला काय बोलू? हे घरच आगीला हपापलेलं. मालकांना पाणी असं कढत लागतं की अंगातून वाफा निघाल्या पाहिजेत. पंडितला — आमच्या चिरंजीवांना — दिवस मावळला की कंदील हवा, कशाला, तर पत्ते कुटायला. दुधाला वेगळी आग, म्हशीच्या आंबोणाला वेगळी. माणसं मूठभर, आणि ज्याला त्याला आपापला विस्तव पाहिजे. त्यात किल्ल्यामागचं रान जंगलाच्या शिपायांनी बंद केलं. मोळीवाली चोरून आणते ती अर्धी ओली असते, आणि तोरा चंदन विकल्यासारखा.

आज सरपणाच्या खोलीला कुलूप घातलं. किल्ली कमरेला. आता बघतेच एकेकाला.

हे लिहिते ते निर्धास्त. घरात बाळबोध वाचणारी मी एकटीच. मालक मोडीत सही करतात आणि उर्दूत शिव्या देतात. पंडित शाळेत उर्दूच शिकला, त्याला माझं अक्षर म्हणजे मुंग्या. लहानपणी नगरकडे शाळेत बसले त्याचा या मुलखात एवढाच उपयोग — मनातलं कुठे तरी ओकता येतं.

कार्तिक वद्य ६

एक चूल, एकदाच. दोन्ही वेळच्या भाकरी सकाळीच थापायच्या. रात्री मालक शिळ्या भाकरीकडे बघत म्हणाले, "पंडितची माय, आमी काय तुरुंगात हाव का?" मी म्हटलं, तुरुंगात ताजी मिळते.

भिवरा गालात हसली. तिच्या ताटातली चटणी उचलून मी फडताळात ठेवली. हसून पोट भरत असेल तर भरू दे!

कार्तिक वद्य १०

रुक्मी आली! पालीहून गाडी, वाटेत एक मुक्काम. उतरली तीच माझ्या गळ्यात पडून रडली. तोंड सुकून गेलंय, पोट तेवढं पुढे. दिवस भरत आलेत.

माझी रुक्मी. दोनदा बाळंत झाली आणि दोन्ही वेळा मांडी रिकामी. पहिलं बाळंतपण इथे व्हायचं, ते सासरच्यांनी हट्टानं ठेवून घेतलं. दुसरंही तिथेच. दोन्ही लेकरं हिवाळ्यात झाली आणि काळीनिळी पडून गेली. आता विहीणबाईंचा, त्या सारजाबाईंचा निरोप काय, तर — "औंदा लेकरू जगलं तं घिऊन या. न्हाई तं आमी दुसरं बघताव." दुसरं म्हणजे दुसरी सून. माझ्या लेकीच्या छातीवर सवत!

बायनाबाई सुईणीनं पोट चाचपून पाहिलं. म्हणाली, "मागली लेकरं वाऱ्यानं गेली, केसरबाई. बाळंतिणीला अन् लेकराला वारं लागू दिऊ नका. खोली गच्च पायजेन."

गच्च करीन. हे लेकरू जगलंच पाहिजे. बाकीचं घर कुडकुडून मेलं तरी मला सुखदुःख नाही.

भिवराचेही दिवस भरलेतच. तिला आई नाही, बापानं हात वर केले — "तुमच्याकडंच होऊ द्या." घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

कार्तिक अमावास्या

शेजारची सरस्वतीबाई सकाळीच गोवरी घेऊन दारात — "वाईच इस्तू द्या, आमचा इझला." दिला नाही. अवसेला घरचा विस्तव बाहेर जात नाही म्हटलं. एरवी तरी मी कुठे देते!

मार्गशीर्ष शुद्ध २

कोळसा घेतला. लोणाऱ्याची गाढवं थेट अंगणात. घरातल्यांचे डोळे पांढरे! आमच्या आंघोळी कोमट, आणि हा एवढा कोळसा कुणाला? रुक्मीला. आणखी कुणाला?

खरं सांगायचं तर आज मी माझ्यावरच खूश आहे. लाकडाची आग ही मूर्खाची आग. पेटवली की अर्धी ऊब धुराबरोबर निघून जाते. धूर जावा म्हणून तर या मुलखात प्रत्येक माळवदाला साणं ठेवतात — छपरात घागरीच्या तोंडाएवढं भोक! खाली आपण फुंकून फुंकून डोळे फोडायचे आणि वर आभाळ शेकत बसायचं. कोळशाला धूरच नाही. धूर नाही म्हणजे वाया काही जात नाही. मग साणं हवं कशाला? इतक्या पिढ्यांत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही!

स्वतः शिडीनं माळवदावर गेले. मधल्या खोलीच्या साण्यात गोणपाट कोंबलं. खिडकी शेणमातीनं लिंपून टाकली. दाराला आतून घोंगडी. मग शेगडी ठेवून पाहिली. मूठभर कोळशात खोली अशी तापली की माझ्या कपाळाला घाम आला. मालकांना बोलावून दाखवलं. म्हटलं, तुमच्या एका आंघोळीच्या सरपणात माझी लेक आठवडा काढील.

मालक भिंतीला हात लावून म्हणाले, "लई डोकं चालतंय तुजं." लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा.

मार्गशीर्ष शुद्ध ५

भिवरा बाळंत झाली. मुलगी.

एका छपराखाली दोन बाळंतिणी असू नयेत, एकीचं दूध आटतं. म्हणून भिवराची बाज गोठ्यात टाकली. पंडित घुटमळत आला. "माय, गोठ्याला तं निस्ता तुराट्यांचा कूड हाय. सगळं वारं आत येतंय."

"मग तू जाऊन कुडाला आडवा नीज."

गेला नाही. जाणार नव्हताच, मी माझं लेकरू ओळखते. बायकोची कड घ्यायलाही हाडात थोडी ऊब लागते.

मार्गशीर्ष शुद्ध ७

शेकायला आग मागते! बायनाबाईच्या हाती निरोप — "आत्याबाईंना म्हनावं, कंबर लई धरलीय." कापसाच्या ओल्या पळाट्या दिल्या धाडून. त्यांचा धूर असा की म्हशी खोकायला लागल्या. कुडातून सगळीकडून धूर निघत होता, गोठाच पेटल्यासारखा. बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

बायनाबाई परत आली, न्हाणीच्या पाण्यासाठी किल्ली मागत. "बाळंतिणीला कढत लागतंय, केसरबाई."

म्हटलं, तिला कोमट चालतं. पोरगीच झालीय, मुलूख नाही जिंकला.

मार्गशीर्ष शुद्ध ११

मुलगा!

रुक्मीला मुलगा झाला. रडला तो असा की गल्लीला कळलं. बायनाबाईला लुगडं दिलं, नवं कोरं. मालकांनी वेशीपर्यंत गूळ वाटला. मी त्याला तेल लावलं, हातात घेतलं — इवलासा गरम गोळा. किती वेळ खाली ठेववेना. देवा, एवढा एक राहू दे. बाकी काही मागणार नाही.

खोलीत शेगडी अखंड. गोठ्यातून कुणी काही मागायला आलं तर परत पाठवा म्हणून सांगून ठेवलंय.

मार्गशीर्ष पौर्णिमा

रुक्मीचं नवीनच. "माय, डोकं लई दुखायलंय. जीव घाबरा व्हतोय. ते साणं वाईच उघडंव की."

लाड! सासरी वाऱ्यात राहून राहून हिला ऊबच सोसेना. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. कपाळाला सुंठ उगाळून लावली. साणं कसलं उघडते?

तर दुपारी बघते, खोलीत उजेडाचा कवडसा! पंडितराव माळवदावर चढून गोणपाट ओढून बसले होते. "अक्कानं म्हन्लं म्हनून काडलं, माय. तिला बरं वाटायलंय." तिथूनच ओरडले. म्हटलं, अकलेच्या कांद्या, सगळी ऊब चालली! बहिणीचं लेकरू मारायला निघालास का? घाल परत!

घातलं परत. वरून मी धोंडा ठेवायला लावला. रुक्मी भिंतीकडे तोंड करून निजली. रुसली असेल. रुसू दे, उद्या पोर मांडीवर खेळायला लागलं की माझे पाय धरील.

मार्गशीर्ष वद्य २

रुक्मीला दूध उतरेना. पोर रडून लाल. खसखस झाली, शतावरी झाली, खोबरं झालं. तिला अन्नच जात नाही, खाल्लं की ओकते.

आणि तिकडे गोठ्यात पाहावं तर भिवराला धारा लागलेल्या! वारं खाते, शिळं खाते, धुरात बसते, आणि दूध बघा. देव आंधळा आहे.

बायनाबाई म्हणाली, तिला पाजू द्या. मला आधी किळस आली. मग म्हटलं, म्हशीचं पितोच ना आपण? स्वतः पोराला घेऊन गोठ्यात गेले. भिवराला सांगितलं, "आधी याला. उरलं तर तुझ्या पोरीला."

तिनं पोराला घेतलं, पदर घातला. "दोघांला पुरतंय, आत्याबाई. वन्संला म्हनावं, काळजी करू नका."

काळजी करू नका! तिचा तो शहाणा चेहरा बघून अंगाचा तिळपापड झाला. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मार्गशीर्ष वद्य ३

कहर थंडी. रांजणात हात घातला तर बोटं वाकडी झाली. खोलीत आज एक शेगडी पुरायची नाही, दुसरीही भरून ठेवली. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. पोर पाजायला नेलं होतं ते भिवराच्या कुशीतच झोपलं. बायनाबाई म्हणते, "निजलंय तं निजू द्या. सकाळी आनते." बरं, राहू दे. रुक्मीला तरी एक सलग झोप लागेल.

मार्गशीर्ष वद्य ४

रुक्मी गेली.

मार्गशीर्ष वद्य ७

लिहवत नाही. पण लिहिलं नाही तर छाती फुटेल.

सकाळी हाक मारली. झोपलीय म्हणून दार लोटून घेतलं. मग पोराला आणलं, तरी उठेना. चेहरा लाल होता, टवटवीत, न्हाऊन आल्यासारखा. इतकी चांगली तर ती कित्येक दिवसांत दिसली नव्हती. मला खरंच वाटेना. तिचे तळपाय चोळत बसले, गार पडू नयेत म्हणून. मालकांनी मला धरून उठवलं तेव्हा कळलं की घरभर रडारड चाललीय.

वाऱ्यानं गेली म्हणावं तर खोलीत वारं नव्हतं. थंडीनं म्हणावं तर थंडी नव्हती. ताप नाही, रक्त नाही. मग कशानं?

ते मीच बोलले. ओसरीवर, सगळ्यांच्या देखत. "गोठ्यातली धडधाकट राहते आणि गच्च खोलीतली जाते, हे सरळ आहे का? हिची नजर. हिनंच खाल्लं माझ्या लेकीला." बायनाबाईनं लगेच मान डोलावली. सरस्वतीबाई म्हणाली, "मला तं आदीच वाटलं व्हतं." कुणाला काय आधी वाटत नाही!

पोर पीत होतं, भिवरानं त्याला या बाजूचं त्या बाजूला घेतलं. पंडित जमिनीकडे बघत राहिला. मालक म्हणाले, "लेकरू हिच्या दुधावर हाय. तवर ऱ्हाऊ द्या. म्होरं बघू."

नातू आता ओसरीत माझ्या कुशीत निजतो. भिवराकडे नुसता पाजायला न्यायचा आणि परत आणायचा. मी समोर बसून राहते.

मार्गशीर्ष वद्य १२

पोर अंग धरतंय. आज मुठीत माझं बोट पकडलं. रुक्मीची बोटं अशीच लांब होती.

जो येतो तो म्हणतो, पोरगं खोलीनं राखलं आणि आई नजरेनं गेली. मीही हो म्हणते.

पौष शुद्ध १

तेरावा झाला. खोली सारवून घेतली. आज रात्रीपासून पोराला घेऊन तिथेच निजायचं ठरवलं होतं. ओसरीत त्याचं नाक गार पडतं.

भिंती संध्याकाळपर्यंत तापून राहाव्यात म्हणून दुपारीच शेगडी भरली. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलीय, तिची पाटीही आत नेऊन ठेवली — ऊब फुकट कशाला घालवा? पोर गोठ्यात पीत होतं, समोर बायनाबाईला बसवलं. दार लावलं, घोंगडी सोडली, आणि रुक्मीच्या बाजेवर पडले. रडायचं होतं. ओसरीत रडलं की बायका जमतात.

रडता रडता कानशिलं ठणकायला लागली. वाटलं, रडण्यानं. मग पोटात ढवळलं. उठायला गेले तर पायच नाहीत! पाय होते, पण माझे नव्हते. हाक मारावी तर जीभ जड. गुंगी इतकी गोड होती की म्हटलं, जरा पडावं, मग उठू. कशी कोण जाणे खाली घसरले, खुरडत गेले, घोंगडी ओढली, दार ढकललं, आणि उंबऱ्यावर भडाभडा ओकले.

वारं लागलं. आणि बरं वाटलं. वाऱ्यानं बरं वाटलं!

बराच वेळ तिथेच पडून होते. मग आत वळून बघितलं. कोंबडी पाटीत तशीच बसलेली, मान कलंडलेली. तुरा लालभडक.

"माय, ते साणं वाईच उघडंव की."

मी मारली. वाऱ्यानं नाही, नजरेनं नाही, माझ्या शहाणपणानं गेली ती. धूर डोळ्यांना दिसतो, खोकायला लावतो, दार उघडायला लावतो. हे जे बिनधुराचं होतं ते काहीच सांगत नाही. पण तिनं सांगितलं होतं की मला! तोंडानं सांगितलं होतं! मी तिच्या कपाळाला सुंठ लावली.

पौष शुद्ध २

धोंडा लोटून दिला, साण्यातलं गोणपाट ओढून काढलं. कोंबडी उकिरड्यात पुरली. मालक खाली उभे. "आता कावून काडायलीस?"

म्हटलं, रुक्मीच्या जिवाला जायला वाट असावी.

मालकांनी उपरण्यानं डोळे पुसले. खोटं बोलायला मला कधीच वेळ लागला नाही.

सांगू का? कुणाला? मालकांना सांगितलं तर ते माझ्या हातचं पाणी पिणार नाहीत. गल्लीला सांगितलं तर पोरंसुद्धा मला दगड मारतील — लेकीला कोंडून मारणारी. आणि भिवरा? तिच्यावर जे सगळ्यांच्या देखत थुंकले ते चाटायचं? सासूनं, सुनेपुढे? जमायचं नाही. ओठापर्यंत येतं आणि दातांशी अडतं.

पौष शुद्ध ३

पालीहून विहीणबाई आल्या. पोराला न्यायला. रडल्या थोडं, रीत म्हणून. मग पोराची कुंची सोडून बघितली, आणि चेहरा उजळला. "लेकरू तं गुटगुटीत हाय! केसरबाई, आमच्या घरी दोन गेले, तुमच्या हाती ह्यो जगला. काय केलंव तुमी?"

मी पोराची कुंची परत बांधली.

मालकांनीच खोली दाखवली. धूर नसलेला कोळसा, लिंपलेली खिडकी, दाराची घोंगडी. साण्यात काय कोंबलं होतं तेसुद्धा. एवढ्या कौतुकानं दाखवत होते की मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं. विहीणबाई म्हणाल्या, "आमी बी अश्शीच खोली करताव. सरपान बी वाचतंय की." आणि सगळ्यांसमोर माझे हात हातात घेतले. "तुमच्यामुळं वंश ऱ्हायला."

तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण माझे हात त्यांच्या हातात, मालक हसताहेत, दारात सरस्वतीबाई पदर खोचून ऐकतेय. म्हटलं, "देवाची दया."

पोराबरोबर भिवरानं जायचं ठरलं, तिच्या पोरीला घेऊन. त्यांच्या घरात पाजणारी दुसरी कुणी नाही. विहीणबाई कां-कूं करत होत्या, नजरेची बाई घरात कशी घ्यावी. मालक म्हणाले, दूध तर पाहिजे. भिवराला कुणी विचारलंच नाही. ती आपणच म्हणाली, "मी जाते. लेकरू उपाशी मरंल."

पौष शुद्ध ४

गाडी गेली. पण माझं काम मी करून घेतलं!

रात्रभर डोकं चालवलं. खरं सांगायचं नाही, आणि पोर त्या खोलीत जाऊ द्यायचं नाही. मग सुचलं. पोर घटकेघटकेला पितं, ते पाजणाऱ्या दाईला सोडून कसं राहील? दाई जिथे, पोर तिथे. बस! दाईलाच खोलीबाहेर ठेवायचं.

गाडी जुंपली तेव्हा सगळ्यांच्या देखत भिवराला खडसावलं. "तुझी जागा गोठा. तिथे गेलीस तरी गोठ्यातच निजायचं. त्यांच्या त्या खोलीत पाऊल टाकलंस तर तुझे पाय मोडीन. ऐकलंस? काही झालं तरी खोलीत निजायचं नाही!" पंडितनं एकदा वर बघितलं आणि परत मान खाली घातली. भिवरा माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग वाकून पाया पडली.

लेकी बोले सुने लागे म्हणतात. मी सुनेला बोलले, विहिणीला लागावं म्हणून. तोंड राखलं आणि पोरही राखलं.

पौष शुद्ध ६

पालीला पोचले असतील कालच. आज बऱ्याच दिवसांनी दोन घास गोड लागले. मालकांच्या पाण्याला सरपण जास्तच दिलं.

पौष शुद्ध १०

भिवरा परत आली. पदराखाली एकटी तिची पोरगी.

गाडीवानानं सांगितलं. विहीणबाईंनी तिला गोठ्यात घातलं, माझ्याच शब्दावर. नजरेच्या बाईपाशी पोर निजवायचं नाही म्हणून पाजून झालं की ओढून न्यायच्या, आणि स्वतः त्याला घेऊन खोलीत निजायच्या. परवा सकाळी त्या ओकत ओकत दाराबाहेर आल्या. पोर उठलं नाही.

मालक ओसरीत डोकं धरून बसलेत. भिवरा सरळ माझ्याकडे आली. रडत नव्हती.

"खोलीत निजू नगंस म्हन्लं तुमी मला. आत्याबाई, तुमाला ठावं व्हतं न्हाई?"

मी वही उघडून लिहायला बसलेय. ती दारात उभी आहे.